बालवाडी आणि बाजार

जून महिना जवळ आला की मराठवाड्यातील मोठ्या गावांतून एक नवा हंगाम सुरू होतो. औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार हे असेच एक गाव. नावातच बाजार असलेल्या या गावी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी सोयाबीन, कापूस, हळद घेऊन येतो. अशा बाजाराच्या गावी हल्ली तो आपले तीन वर्षांचे मूलही घेऊन येऊ लागला आहे. मुलाला इंग्रजी नर्सरीत घालावयाचे असते आणि त्यासाठी प्रसंगी हातउसने काढावयाचीही त्याची तयारी असते. त्याच्या स्वतःच्या गावात अंगणवाडी असते. तेथे फी नाही, शिवाय मुलाला जेवण मिळते. तरीही ज्याची थोडीफार ऐपत आहे तो तिच्याकडे पाठ फिरवितो. हा पालकांचा वेडेपणा आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु समाजवादी कार्यकर्त्याला ते शोभणारे नाही. मूल या वयात काय शिकते, पालक त्याच्यासाठी काय विकत घेतात आणि शासनाने काय द्यावयास हवे होते, या तीन प्रश्नांचा एकत्र विचार झाला पाहिजे.

बालशिक्षणाचा इतिहास आपल्या चळवळीला परका नाही. जर्मनीत फ्रोबेलने आपल्या बालशाळेला १८४० साली ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. १८५१ साली प्रशियाच्या सरकारने या शाळांवर बंदी घातली. त्या समाजवाद आणि नास्तिकता पसरवितात, हा आरोप! त्यामागे फ्रोबेल आणि त्याचा पुतण्या यांच्यात झालेल्या गल्लतीचाही भाग होता. बंदी उठावयास १८६० साल उजाडले. पण मोकळेपणाने खेळणारे, प्रश्न विचारणारे मूल सत्तेला गैरसोयीचे वाटते, एवढे त्या बंदीने दाखवून दिले. मारिया मॉन्टेसोरी यांचे पहिले बालगृह १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या कामगारवस्तीत उघडले. आज ज्यांचे नाव मोठ्या फीच्या पाट्यांवर झळकते, त्यांचे काम गरिबांच्या मुलांपासून सुरू झाले होते.

महाराष्ट्रात हे काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केले. ताराबाईंनी दादरला शिशुविहार चालविला, परंतु बालशिक्षण शहरी मध्यमवर्गापुरते राहता कामा नये म्हणून १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या वस्तीत गेले. मॉन्टेसोरीचे साहित्य महाग होते. या दोघींनी त्याच्या जागी बिया, शिंपले, खडे, पाने, काड्या आणल्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द शासनाच्या कागदावर येण्यापूर्वी अशा अंगणात जन्मला आहे.

आता मूल काय शिकते ते पाहू. चिंचोके आणि सीताफळाच्या बिया वेगळ्या करणारे मूल वर्गीकरण शिकत असते आणि त्याच वेळी चिमटीत धरण्याची शक्ती कमावीत असते. ही शक्ती आल्यावाचून हातात पेन्सिल दिली तर अक्षर गिरविले जाते, पण बोटे दुखतात आणि लिहिण्याचा कंटाळा जन्मभर पुरतो. पाच मुलांना पाच वाट्या वाटणारे मूल गणिताचा पाया घालते. शंभरपर्यंत आकडे घोकणाऱ्या मुलाला पाच म्हणजे किती हे ठाऊक असेलच असे नाही. गोष्ट ऐकून ‘मग काय झालं?’ असे विचारणारे मूल कार्यकारणाच्या वाटेवर असते. झोक्यासाठी आपल्या पाळीची वाट पाहणे, भांडण झाल्यावर हात न उचलता बोलणे, हात धुऊन सर्वांबरोबर एका पंगतीला बसणे हे सारे शिक्षणच आहे. जातीच्या भिंती ज्या गावांतून अजून पुरत्या पडलेल्या नाहीत, तेथे तीन वर्षांच्या मुलांनी एका रांगेत बसून एकाच पातेल्यातील खिचडी खाणे हा लोकशाहीचा पहिला पाठ आहे.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक दाखला द्यावासा वाटतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात इप्सिलांटी गावी १९६२ साली कृष्णवर्णीय गरीब घरांतील १२३ मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. ५८ मुलांना बालशाळेत घेतले. त्यांच्या शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जाऊन आईशीही बोलत. उरलेल्या ६५ मुलांना ही सोय नव्हती. बालशाळेतील मुलांचा बुद्ध्यंक प्रथम वाढला, परंतु काही वर्षांतच दोन्ही गटांतील हा फरक पुसला गेला. तेथेच मोजमाप थांबले असते तर प्रयोग फसला असे म्हटले गेले असते. ही मुले चाळिशीला पोचली तेव्हा दिसले की बालशाळेत गेलेल्यांपैकी अधिक जणांनी शालेय शिक्षण पुरे केले, त्यांची कमाई अधिक होती आणि तुरुंगाची वाट कमी जणांनी धरली. नोबेल पारितोषिक मिळविणारे अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी या खर्चाचा परतावा वर्षाला ७ ते १० टक्के काढला. बुद्ध्यंकाची आघाडी ओसरली आणि चिकाटी, संयम, इतरांशी जमवून घेण्याची वृत्ती टिकली, हा त्यातील बोध आहे.

मग पालक नेमके उलट का मागतात? शेतकरी हळद विकावयास आणतो तेव्हा व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहतो. वरच्या चकाकीवर तो भाव करीत नाही. बालशिक्षणाचा माल मात्र असा मोडून पाहता येत नाही. मुलाची जिज्ञासा वाढली की मेली हे पालकाला वर्षाअखेर कळत नाही. त्याला दिसते ती वही, टाय, बूट आणि पाहुण्यांपुढे म्हणून दाखविलेली इंग्रजी कविता. जे दिसते त्यालाच किंमत येते, म्हणून संस्थाचालक जे दाखविता येते तेवढेच पुरवितो. ग्राहकाला मालाची पारख नसली की बाजारात खरा माल मागे पडतो, हे अर्थशास्त्रातील जुने सत्य येथे तीन वर्षांच्या मुलांच्या पाठीवर सिद्ध होत आहे. पालकांची घाई ‘पी हळद आणि हो गोरी’ अशी असते खरी, पण ती घाई भयातून आलेली आहे. शेती परवडत नाही, नोकरी मिळत नाही आणि इंग्रजीवाचून मूल मागे पडेल, हे ते भय. त्या भयाची थट्टा करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

त्या भयावर चुकीचे औषध दिले जात आहे, हे मात्र सांगितले पाहिजे. मूल नवी भाषा शिकू शकते, परंतु ती अवगत असलेल्या भाषेच्या खांद्यावर बसून. आईच्या बोलीतले हजारो शब्द घेऊन आलेल्या मुलाला वर्गात गप्प बसविणे म्हणजे त्याचे भांडवल दारातच जप्त करणे होय. मराठवाड्याला हे अधिक कळावयास हवे. निजामी राज्यात उर्दूच्या सक्तीखाली आपल्या आजोबांची पिढी शिकली. हैदराबाद मुक्तिसंग्रामामागे राष्ट्रीय शाळांची आणि मातृभाषेच्या आग्रहाची परंपरा होती. २०२५ साली पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा आदेश निघाला, तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला आणि २९ जूनला शासनाने माघार घेतली. हे योग्यच झाले. परंतु पहिलीच्याही आधी, तीन वर्षांच्या मुलावर कोणत्याही आदेशावाचून परकी भाषा लादली जाते, त्याविरुद्ध एकही मोर्चा निघाला नाही.

या बाजाराला मोकळे रान कोणी दिले? मूळ घटनेच्या ४५व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे मार्गदर्शक तत्त्व होते. त्यात सहा वर्षांखालील मूल वगळलेले नव्हते. २००२ सालच्या ८६व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क केला, पण सहा ते चौदा वयापुरताच. सहापर्यंतच्या मुलांसाठी राज्य ‘प्रयत्न करील’ एवढे आश्वासन उरले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने हीच मर्यादा पाळली. त्यामुळे शिशुवर्गाच्या शिक्षिकेची पात्रता, खोली, पटसंख्या यांचे बंधनकारक निकष त्या कायद्यात नाहीत. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयाला पायाभूत टप्पा म्हटले, परंतु धोरण म्हणजे हक्क नव्हे.

शासनाकडे साधन नाही असेही नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना गावोगाव पोचली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रत्येक वस्तीला अंगणवाडीचा आदेश दिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलाला ५०० उष्मांकांच्या आहाराचा हक्क दिला. परंतु त्या आहारासाठी २०१७ साली ठरलेला दर होता दिवसाला ८ रुपये! आणि जिच्यावर सारा डोलारा उभा आहे त्या सेविकेला केंद्र सरकार ‘मानधन’ देते. २०१८ साली त्याने तो आकडा दरमहा ४,५०० रुपये केला. लसीकरण, वजन-उंची, सर्वेक्षण, गरोदर मातांच्या नोंदी, मोबाइलवरील माहिती हे सारे आटोपून तिने मुलांना शिकवावयाचे. अंगणवाडीत काही शिकवीत नाहीत, ही पालकांची तक्रार अनेक ठिकाणी खरी आहे. परंतु शिकविण्याचा वेळ तिच्याकडून कोणी काढून घेतला, हेही विचारले पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या. जानेवारी २०२४ अखेरपर्यंत चाललेल्या त्या संपात गावातले किती पालक त्यांच्या बाजूने उभे राहिले? आपले किती कार्यकर्ते राहिले?

म्हणून साथींना काही कामे सुचवितो. गावच्या अंगणवाडीत महिन्यातून एक सकाळ जाऊन बसा. मुले बोलतात का, खेळावयास काही आहे का, आहार मिळतो का, ते पाहा. पालकांची बैठक घ्या आणि त्यांना सांगा, ‘मुलाने आज काय लिहिले हे विचारू नका, काय केले आणि कोणाशी खेळले ते विचारा.’ रात्री झोपताना सांगितलेली गोष्ट आणि सैपाक करताना मोजावयास दिलेल्या भाकरी ही फीवाचून मिळणारी शाळा आहे, हे आयांना पटवा. ग्रामसभेत अंगणवाडीची खोली, पाणी, शौचालय यांचा ठराव मांडा. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची लहान मुले फडावर वाऱ्यावर सुटतात. त्यांच्यासाठी कारखान्याच्या तळावर अंगणवाडी मागा. आणि या सर्वांबरोबर एक राजकीय मागणी लावून धरा: शिक्षणाचा मूलभूत हक्क तीन वर्षांपासून लागू झाला पाहिजे आणि सेविकेला शिक्षिकेचा दर्जा व वेतन मिळाले पाहिजे.

समान शाळेची घोषणा आपण कोठारी आयोगाच्या काळापासून देत आलो आहोत. पण सावकाराचे आणि सालगड्याचे मूल आता पहिलीत नव्हे, तिसऱ्या वर्षीच वेगळे होते. एक गाडीत बसून नर्सरीला जाते, दुसरे अंगणवाडीच्या सतरंजीवर उरते. सहाव्या वर्षी त्यांना एका बाकावर बसविण्याची मागणी करणाऱ्याने तीन वर्षांचा हा उशीर आधी भरून काढला पाहिजे.