चौथी सीट

बालमित्रांनो, आज गोष्ट नाही आणि कोडंही नाही. आज जे सांगतोय ते परवा शनिवारी माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

सकाळची शाळा सुटली आणि मी शेअर रिक्षानं डोंबिवलीकडे निघालो. आमचा कल्याण-शीळ रस्ता तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक असेल. काटई नाका मागे पडला, मानपाडा अजून यायचं होतं. इतक्यात एक मोटार झर्रकन आम्हाला ओलांडून गेली. पुढे कडेला एक डंपर उभा होता. मी डोळे गच्च मिटले, पण आवाज आलाच.

आमच्या रिक्षावाल्या काकांनी रिक्षा बाजूला घेतली आणि ते धावले. मीही उतरलो. मोटार चालवणारे गृहस्थ थरथरत का होईना, स्वतःच्या पायांनी बाहेर आले. त्यांनी पट्टा लावला होता. मागे बसलेल्या बाईंनी लावला नव्हता. त्या पुढच्या सीटवर आदळल्या होत्या. डोक्याला मार होता आणि शुद्ध नव्हती.

बघता बघता तीस-चाळीस माणसं जमली. काहीजण चक्क मोबाइलवर चित्रीकरण करत होते. आणि मी? मुलांना रोज ‘अडलेल्याला मदत करा’ शिकवणारा मी हातात फोन घेऊन नुसता उभा होतो! काका माझ्यावर खेकसले, “सर, बघताय काय? १०८ लावा!” लावला. पलीकडून विचारलं, “नक्की कुठे?” मला धड सांगता येईना. शेवटी समोरच्या दुकानाची पाटी वाचून दाखवली. काका तोवर मागच्या गाड्या हातानं वळवत होते. बाईंना ओढून बाहेर काढायला निघालेल्या दोघांना त्यांनीच थोपवलं. मानेला दुखापत असली तर ओढाओढीनं ती वाढते. पाणी पाजायलाही त्यांनी मनाई केली. बेशुद्ध माणसाच्या घशात ते अडकतं.

रुग्णवाहिका आली, बाईंना घेऊन गेली. त्यांचं पुढे काय झालं, मला अजून कळलेलं नाही.

सोमवारी वर्गात हे सांगितलं. एकीनं विचारलं, “सर, मागे बसणाऱ्याला पट्टा कशाला? समोर सीट असते की!” मी म्हटलं, एसटीनं ब्रेक मारला की उभी माणसं पुढे का जातात? गाडी थांबते, आपण थांबत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगात मोटार एका सेकंदात सोळा मीटरहून जास्त जाते, म्हणजे आमचे दोन वर्ग ओलांडून तिसऱ्याच्या भिंतीपाशी. आदळली की आपणही त्याच वेगानं समोर फेकले जातो. आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार आदळली. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले गृहस्थ, दोघेही दगावले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते. गाडी महागडी होती, बरं का.

“पण लोक नुसते बघत का होते?” हा दुसरा प्रश्न. पोलिसांचं लचांड मागे लागेल, ही भीती. पालकहो, ती आता सोडा. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्तीसुद्धा नाही. मुलांनो, तुम्ही मात्र रस्त्यात धावू नका. कडेला उभे राहा, मोठ्या माणसाला हाक मारा आणि ठिकाण सांगा. चौक, दुकान, पुलाचं नाव, काहीही. आम्ही वर्गात याचा सराव केला. माझ्यापेक्षा मुलांनी फारच बरं सांगितलं.

तास संपता संपता मागच्या बाकावरून एकजण उठला. “सर, आमच्याकडे गाडी नाही. आम्ही रिक्षानंच जातो. तुम्ही रिक्षात कुठे बसला होता?”

आता आली का पंचाईत! रिक्षात तिघांचीच परवानगी असते. चौथा बसतो चालकाच्या शेजारी, अर्धा आत, अर्धा बाहेर.

“पुढे,” मी म्हणालो. “चौथ्या सीटवर.”

वर्गात कुणी हसलं नाही.

काल संध्याकाळी एका रिक्षावाल्यानं “एक सीट, एक सीट” म्हणत मला पुढे बोलावलं. मी रांगेतच थांबलो. घरी पोचायला वीस मिनिटं उशीर झाला.