छेद विचारा, मग सही करा

कॉलेजच्या आसपासच्या रस्त्यावरचे फलक वाचत गेलं, तर सध्या एक विषय हमखास भेटतो : डेटा अ‍ॅनालिटिक्स. एक्सेल, एसक्यूएल, पायथन, सहा महिने, ‘१०० टक्के प्लेसमेंट’ आणि खाली ठळक अक्षरांत ‘सरासरी पॅकेज ६ लाख’. बीकॉमवाला असो, बीएस्सीवाली असो की बीए करणारा, ‘आपणही हे करून टाकूया का?’ असं प्रत्येकाला एकदा तरी वाटतं. वाटण्यात गैर काही नाही, कौशल्य खरंच कामाचं आहे. गंमत एवढीच, की या कोर्सच्या पहिल्या दोन आठवड्यांत जे शिकवतात, ते त्याच कोर्सच्या जाहिरातीला लावून बघा, असं कुणी सांगत नाही. मग आपणच लावून बघू.

समजा, एका बॅचमधल्या दहा जणांना नोकरी लागली. नऊ जणांना ३ लाखांची आणि एकाला ३३ लाखांची. बेरीज झाली ६० लाख, सरासरी ६ लाख. जाहिरातीतला आकडा अगदी खरा! पण त्या दहांपैकी ६ लाख कुणालाच मिळालेले नाहीत. सगळे पगार चढत्या क्रमाने मांडून मधला घेतला, तर येतो ३ लाख. याला मध्यक म्हणजे मीडियन म्हणतात. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा फारच दूर असेल, तर सरासरी त्याच्याकडे ओढली जाते, मध्यक मात्र जागचा हलत नाही. म्हणून ‘सरासरी किती?’ याच्या आधी विचारायचं, ‘मध्यक किती?’ शिवाय पॅकेज म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, कामगिरीवर अवलंबून असलेला बोनस असं बरंच काही धरलेलं असतं.

दुसरा प्रश्न छेदाचा. टक्केवारी म्हणजे अपूर्णांकच, आणि जाहिरातीत फक्त अंश मिरवतो. समजा, प्रवेश घेतला २०० जणांनी, कोर्स पूर्ण केला ८० जणांनी. त्यातल्या ५० जणांना क्लासने ‘प्लेसमेंटसाठी पात्र’ ठरवलं आणि ४५ जणांना नोकरी लागली. ४५ भागिले ५० म्हणजे ९० टक्के. ४५ भागिले २०० म्हणजे साडेबावीस टक्के. दोन्ही हिशेब बरोबरच आहेत, पण फी भरताना आपण त्या २०० मधले असतो, ५० मधले नव्हे.

तिसरी गोष्ट गायब डेटाची. फलकावर हसरे चेहरे असतात ते नोकरी लागलेल्यांचे. ज्यांनी मधेच सोडलं, ज्यांचे फोन क्लासने पुन्हा उचलले नाहीत, ज्यांनी सर्व्हेचा फॉर्मच भरला नाही, ते या हिशेबात कुठेच नसतात. जे उरले त्यांच्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधला, की तो बहुतेक वेळा गोडच येतो.

आता कुणी म्हणेल, आकडा फसवा निघाला तर करार रद्द करू, कायदा आहे की! आहे, पण नीट वाचायला हवा. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्यानुसार दिशाभूल करून मिळवलेली संमती ही मोकळी संमती नाही आणि असा करार फसलेल्या बाजूला रद्द करून घेता येतो. मात्र कलम १९ मध्ये एक अपवाद आहे. चुकीच्या माहितीमुळे किंवा लबाडीने गप्प राहिल्यामुळे संमती दिली गेली असेल, पण साधी चौकशी करून खरं काय ते कळण्यासारखं असेल, तर करार रद्द करता येत नाही. म्हणजे छेद विचारणं हा नुसता हुशारीचा भाग नाही, एवढी चौकशी आपण करावी अशी कायद्याचीही अपेक्षा आहे.

तोंडी वचनालाही कायद्यात किंमत असते, अडचण पुराव्याची असते. समुपदेशक फोनवर ‘नोकरी पक्की’ म्हणतो, आणि करारात लिहिलेलं असतं ‘प्लेसमेंटसाठी सहकार्य’. या दोन शब्दांत लाखभर रुपयांचं अंतर आहे. म्हणून जे वचन दिलं जातंय ते ईमेलवर मागा, जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा. ‘आय अ‍ॅग्री’वरचं एक क्लिक म्हणजे सही नव्हे, अशा भ्रमात राहू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार करार केवळ ऑनलाइन झाला म्हणून निरर्थक ठरत नाही. आपलं वय १८ च्या खाली असेल, तर आपण केलेला करार मुळातच निरर्थक असतो, हे १९०३ पासून ठरलेलं आहे. पण तेव्हा सही केलेली असते आईबाबांनी, आणि ते त्यात बांधले जातात.

हप्त्यांचं तर आणखी वेगळं. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणून जो फॉर्म पुढे सरकवतात, तो बऱ्याचदा क्लासशी नव्हे, तर वित्त कंपनीशी केलेला स्वतंत्र कर्जकरार असतो. उद्या क्लासला टाळं लागलं, तरी हप्ता आपोआप थांबत नाही. सही करण्याआधी कर्ज कुणाचं आणि ते रद्द करण्याची मुदत किती, हे बघायलाच हवं.

चांगली बातमीही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली. ५० पेक्षा जास्त विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या केंद्रांना यशाचे खोटे दर, नोकरीची खोटी हमी यांची जाहिरात करायला त्यात मनाई आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

कोर्स झाला, नोकरी लागली, की पुढचा कागद येतो बाँडचा. ‘दोन वर्षं सोडता येणार नाही, सोडलं तर अमुक लाख भरा, आणि पुढे वर्षभर दुसऱ्या कंपनीत याच क्षेत्रात काम करायचं नाही.’ कागद ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर असतो, म्हणून भीती आणखी वाढते. पण स्टॅम्प पेपरमुळे चुकीची अट बरोबर होत नाही. या अटी वेगवेगळ्या करून बघितल्या, की कुणाला किती दात आहेत ते कळतं.

‘सोडल्यावर दुसरीकडे काम नको’ ही अट सगळ्यांत कमजोर. कलम २७ प्रमाणे उपजीविकेवर बंदी घालणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक असतो. याचं गाजलेलं उदाहरण आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचं. त्याचं काम बघणाऱ्या पर्सेप्ट डी’मार्क कंपनीचं म्हणणं होतं, की करार संपल्यावरही त्याने नव्या कंपनीशी बोलण्याआधी आमच्याकडे यावं. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये ते मान्य केलं नाही. करार संपल्यावरही लागू राहणारं असं बंधन टिकत नाही, असं कोर्टाने म्हटलं.

‘सोडलं तर पैसे भरा’ ही अट मात्र हसण्यावारी नेऊ नका. कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेत कोर्ट वाजवी भरपाई ठरवतं. त्यामुळे चार दिवसांच्या ओरिएंटेशनसाठी पाच लाख मागणाऱ्याला कोर्टात बरंच काही पटवून द्यावं लागेल. पण विजया बँकेच्या प्रकरणात काय झालं तेही बघा. तीन वर्षं होण्याआधी नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याने अटीप्रमाणे २ लाख भरले आणि मग त्या अटीला आव्हान दिलं. हायकोर्टात तो जिंकला, मात्र मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने बँकेची बाजू उचलून धरली. ही अट नोकरी चालू असतानाची आहे, दुसरीकडे जायला बंदी नाही, सरकारी बँकेला नव्या भरतीचा खर्च येतो आणि त्या पदाच्या पगाराच्या मानाने रक्कम जास्त नाही, असं कोर्टाने म्हटलं. थोडक्यात, ‘बाँड काही चालत नाही रे’ हे कट्ट्यावरचं वाक्य अर्धवट खरं आहे, आणि अर्धवट खरंच जास्त महाग पडतं.

हे सगळं एकट्या विद्यार्थ्यावर टाकून मोकळं होणंही बरोबर नाही. आपल्या कॉलेजांचे प्लेसमेंट सेलही दरवर्षी ‘हायेस्ट पॅकेज’चा बॅनर लावतातच. त्याच बॅनरवर आणखी तीन आकडे यायला काय हरकत आहे? नोंदणी किती जणांची, नोकरी किती जणांना आणि मध्यक किती. सोबत एक साधा नियम करावा : ज्या कंपनीचा बाँड आहे, तिने त्याचा मसुदा परीक्षेच्या आधी विद्यार्थ्यांना द्यावा, ऑफर लेटर हातात देऊन ‘आज संध्याकाळपर्यंत सही’ म्हणू नये. मूळ मार्कशीट पडताळणीसाठी दाखवावी आणि तिथल्या तिथे परत मिळावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, प्राचार्यांचं एक परिपत्रक पुरतं. विद्यार्थी प्रतिनिधींनी यंदा ही मागणी करायलाच हवी.

तोवर आपल्या हातात आहेत ते प्रश्न. पुढच्या वेळी कुणी ‘९० टक्के’ म्हणालं, की शांतपणे विचारा, ‘कितीपैकी?’ आणि उत्तर लेखी मागा. लेखी द्यायला जो कचरतो, त्याच्या आकड्याची किंमत तिथेच कळते.