बांधीतले बिऱ्हाड

कुष्ठरोगाचे देशपातळीवर निर्मूलन डिसेंबर 2005 मध्ये झाल्याचे जाहीर झाले. रोग गेला असा याचा अर्थ नव्हे. दहा हजारांमागे रुग्ण एकाहून कमी झाले, इतकेच. चंद्रपूर-गडचिरोलीत शोधमोहीम निघाली की नवे रुग्ण निघतातच. वरोऱ्याचे आनंदवन उभे राहून सत्तर वर्षे उलटली. औषध आहे, तेही फुकट. मग हा जंतू टिकतो कुठे?

प्रयोगशाळेतल्या बशीत तो आजवर कोणाला वाढवता आलेला नाही, इतका नाजूक. पण डबक्यातला अमीबा त्याला आसरा देतो. अमीबा हा एकपेशी खादाड. खोटा पाय पुढे करून जंतू गिळतो, पचवतो. काही जंतू मात्र पचत नाहीत, आतच बिऱ्हाड थाटतात. न्यूमोनियाचा लेजिओनेला अमीबाच्या पोटात वाढतो, हे ब्रिटनमध्ये 1980 साली दिसले. तिथे तग धरणाऱ्याला आपल्या रक्तातल्या भक्षक पेशीही जड जात नाहीत. गिळण्याची तऱ्हा तीच. पाणी आटले की अमीबा स्वतःभोवती कवच करून पडून राहतो. अशा कवचात कुष्ठरोगाचा जंतू आठ महिन्यांपर्यंत जिवंत राहतो, असे अमेरिकेतल्या संशोधकांना 2014 साली आढळले. अमीबातून काढलेला जंतू उंदराच्या तळपायात वाढलाही.

आठ महिने! धान कापल्यावर भेगाळलेली बांधी रोवणीसाठी पुन्हा चिखल होईपर्यंत जातो तो काळ जवळपास एवढाच. आणि रोवणी होते ती अनवाणी.

बांधीतून कोणाला रोग झाला, असा हा पुरावा नव्हे. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या श्वासावाटेच तो मुख्यतः पसरतो आणि बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्याला पुरून उरते. या निमित्ताने कोणी रुग्णाला बोडीच्या पाण्यावरून हाकलू लागला, तर तो अमीबाहून घातक समजावा.

रुग्ण सापडला की घरच्यांना, शेजाऱ्यांना रिफाम्पिसिनचा एक डोस देतात, ते योग्यच. त्याच फेरीत बोडीकाठची मूठभर माती डबीत घ्यायला काय हरकत आहे? रुग्णांच्या घरांभोवतालच्या मातीत जिवंत जंतूच्या खुणा भारतातच सापडल्या आहेत, तपासणीचे तंत्रही देशात आहे. आरोग्य खात्याने या दोन जिल्ह्यांतले नमुने घ्यावेत, आणि येत्या रोवणीआधी घ्यावेत.