साधं की पॉवर?

हल्ली पेट्रोलपंपावर गाडी उभी करून काच खाली घ्यायच्या आत प्रश्न येतो, "साधं की पॉवर?" कंपनी बदलली की पॉवरच्या जागी स्पीड येते किंवा आणखी काही येते, पण पहिला शब्द तोच राहतो, 'साधं'. गेल्या महिन्यात भाच्याने गाडी घेतली आणि फोनवर मला विचारले, "मावशी, तू कुठलं भरतेस गं?" त्याला फोनवर दिलेले उत्तर जरा लांबले. घरातल्या इतरांनाही उपयोग होईल म्हणून ते इथे नीट लिहून काढते.

माझे मत आधीच सांगून टाकते. ज्या गाडीच्या पुस्तिकेत प्रीमियम पेट्रोल घाला असे लिहिलेले नाही, तिच्यात ते घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे. आणि पंपावर आपल्याला जो प्रश्न विचारतात तो प्रश्नच मुळात चुकीचा आहे.

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. रसायनशास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकलाच सुटला. पण ही गोष्ट समजायला फार विद्वत्ता लागत नाही. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते. साधारण दहाव्या हिश्शापर्यंत दाबले की मग ठिणगी पडते आणि ते जळते. आता गंमत अशी की हवा दाबली की तापते. (सायकलच्या पंपाचे टोक हात लावून पाहिलेल्यांना हे ठाऊक आहे.) या उष्णतेने मिश्रणाचा काही भाग ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता आपला आपणच पेटला, तर इंजिनातून कट्‌कट्‌ असा आवाज येतो. घाटात वरच्या गियरमध्ये गाडी रेटली की जुन्या गाड्यांतून तो हमखास यायचा. यालाच नॉकिंग म्हणतात आणि ते फार झाले तर इंजिनाला इजा होते. असे अवेळी न पेटण्याचा पेट्रोलचा जो गुण, त्याचे माप म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला १०० गुण आणि हेप्टेनला शून्य गुण देऊन ही मोजपट्टी केलेली आहे. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागणारे पेट्रोल.

म्हणजे ऑक्टेन ही ताकद नाही, धीर आहे. वर्गात हात वर करून, बाईंनी नाव घेईपर्यंत थांबणाऱ्या मुलाचा धीर. ज्या इंजिनात दाब जास्त, म्हणजे महागड्या, शर्यतीच्या किंवा काही टर्बो गाड्यांत, तिथे जास्त धीराचे पेट्रोल लागते. तिथे ते जरूर घालावे. तिथे साधे घातले तर आजकालची इंजिने स्वतःला सावरून घेतात, पण जोर थोडा कमी पडतो. मात्र ज्या इंजिनाला ९१ पुरते, त्याला ९५ देऊन ते जास्त पळत नाही. दुसरीच्या मुलाच्या दप्तरात दहावीचे पुस्तक घातले तर मुलगा हुशार होत नाही, दप्तर तेवढे जड होते.

हे केवळ माझे म्हणणे नाही. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१६ साली साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांत प्रीमियम घालून तपासणी केली. ताकद, मायलेज, धूर, कशातही म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. गरज नसताना प्रीमियम भरून तिथल्या लोकांनी एका वर्षात २.१ अब्ज डॉलर वाया घालवले असा त्यांचा हिशेब होता. (अमेरिकेतल्या आमच्या मंडळींसाठी खुलासा. तुमच्या पंपावरचा ८७ आकडा आमच्या ९१ पेक्षा हलका नाही. तिथे दोन चाचण्यांची सरासरी लिहितात, इथे त्यातली एकच चाचणी. तुमचे ८७ आणि आमचे ९१ जवळजवळ एकच.)

आता आमचा हिशेब. मला महिन्याला तीस लिटर पेट्रोल लागते. २०२५ साली पुण्यात साधे पेट्रोल लिटरला १०४ रुपयांच्या आसपास होते आणि प्रीमियम सहा-सात रुपयांनी जास्त. सात रुपये धरले तर महिन्याचे २१० आणि वर्षाचे २,५२० रुपये. एवढे पैसे वसूल व्हायचे तर लिटरला पंधरा किलोमीटर चालणाऱ्या गाडीने सोळा तरी चालायला हवे. ते चालत नाही. त्यापेक्षा टायरमध्ये हवा वेळेवर भरावी आणि एअर फिल्टर साफ ठेवावा, त्याचा गुण जास्त येतो. प्रीमियममध्ये इंजिन साफ ठेवणारी द्रव्ये घालतात असे सांगतात, ते खरेही असेल. पण वेळच्या वेळी सर्व्हिसिंग करून घेणाऱ्याने त्यासाठी दर लिटरला सात रुपये का मोजावेत हे मला पटलेले नाही.

तरीही लोक ते घेतात. का घेतात? माझ्या मते याचे उत्तर रसायनात नाही, भाषेत आहे. 'साधं' हा शब्द आपल्याकडे एके काळी गुणाचा होता. साधा माणूस, साधी राहणी, साधे वरण. आता साधे म्हणजे ज्याला परवडत नाही त्याचे. नव्याकोऱ्या गाडीत बायकोमुले बसलेली असताना चार लोकांदेखत "साधं भर" म्हणायला माणसाची जीभ अडते आणि त्या अडण्याचेच सात रुपये आहेत.

पेट्रोलला नाव देऊन आतले काय ते न सांगण्याची रीत जुनीच आहे. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली या संशोधकाला आढळले की शिशाचे एक संयुग घातले की नॉकिंग थांबते. १९२३ पासून ते पेट्रोल विकायला आले ते 'एथिल' या गोजिऱ्या नावाने. शिसे हा शब्द नावातून वगळलेला होता. पुढे कित्येक दशके जगभरच्या मुलांनी ते विष श्वासातून घेतले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल पूर्ण बंद झाले ते १ फेब्रुवारी २००० पासून. तोवर माझी कितीतरी वर्षे रहदारीच्या रस्त्यावरच्या शाळेत शिकवण्यात गेली होती.

आज पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. ते शिशासारखे विष नाही, हे आधी स्पष्ट करते. उसाच्या मळीपासून, रसापासून, मक्यापासून ते होते, शेतकऱ्याला पैसे मिळतात, तेलाची आयात वाचते. माझा त्याला विरोध नाही. २०२५ पासून साध्या पेट्रोलमध्ये ते वीस टक्के असते. इथेनॉलचे ऑक्टेन मुळातच शंभराच्या वर. त्यामुळे वीस टक्के मिश्रणाने साध्या पेट्रोलचे ऑक्टेन ९५ पर्यंत गेले, असे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. मग '९५' म्हणून वेगळे पैसे कशाचे द्यायचे?

दुसरी बाजूही आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींचे मायलेज वीस टक्क्यांच्या पेट्रोलवर सहा-सात टक्क्यांनी घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात लिहिलेले आहे. माझी २०१४ ची गाडी त्यातच मोडते. नेहमीचे ९५ चे प्रीमियम घेऊनही यातून सुटका नाही, कारण इथेनॉल त्यातही असते. इथेनॉल नसलेले म्हणून १०० ऑक्टेनचे पेट्रोल दाखवतात, पण ते २०२५ सालीच दीडशे रुपयांच्या वर होते. इथेनॉलमुक्त पेट्रोलचा पर्याय मिळावा ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

म्हणजे ज्या बाबतीत निवडीने खरा फरक पडला असता, तिथे माझ्यासारखीला परवडणारी निवड नाही आणि जिथे फरक पडत नाही तिथे मात्र रोज प्रश्न विचारतात! मला वेगळे पेट्रोल नको, माहिती हवी. बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्यावर साखर किती ते छापतात. अमेरिकेत पंपावर ऑक्टेनचा आकडा लावणे सक्तीचे आहे. युरोपात २०१८ पासून इथेनॉलच्या प्रमाणाची खूण नळीवर असते. मी नेहमी जाते त्या तीन-चार पंपांवर साध्या पेट्रोलच्या नळीवर ना ऑक्टेन लिहिलेले दिसते ना इथेनॉल. भावाचा आकडा तेवढा मोठा असतो. प्रत्येक नळीवर हे दोन आकडे ठळक मराठीत असावेत, एवढीच मागणी आहे. मग नावे हवी ती द्या.

असो. भाच्याला सांगितले ते सगळ्यांनाच सांगते. गाडीच्या कप्प्यात ती पुस्तिका आहे, जी आपण कधी उघडत नाही. ती उघडा आणि इंधनाचे पान वाचा. 'किमान ९१' असे असेल तर पंपावर मोठ्या आवाजात "साधं" म्हणा. ९५ लिहिलेले असेल तर ९५ घ्या, आणि तिथे काटकसर करू नका. तुमच्या पुस्तिकेत काय निघाले ते मला जरूर कळवा.