ओहोटीची वेळ

मार्चअखेरच्या हिशेबांनीं आमच्या खात्यांतील मंडळी इतकी शिणली होती कीं, एकमेकांशीं गोडीनें बोलणेंही जड जावें. त्यांतच एका शनिवारीं दुपारीं एका तरुण सहकाऱ्यानें राजीनाम्याचा मसुदा मजपुढें ठेविला. मीं म्हटलें, "सोमवारीं पाहूं, आज समुद्रावर जाऊं."

कर्जतकर दोघे आगगाडीनें खोपोलीस आले आणि आम्ही सारे पेणच्या रस्त्यानें अलिबागेस निघालों. खालापुरांत जन्म गेला, पण असें आयत्या वेळीं निघणें कधीं सुचलें नव्हतें. (घरीं कळविण्याचें भान मला पेण आल्यावर झालें!)

अलिबागेस चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहानें तेथील कुलाब्याच्या वेधशाळेंतील उपकरणें चळतील, म्हणून १९०४ सालीं ही येथें उभारली. यंत्रांची एवढी काळजी! मंडळी हंसली, तो तरुण हंसला नाहीं.

रविवारीं सकाळीं ओहोटी लागतांच आम्ही पायींच कुलाबा किल्ल्यांत गेलों. तेथें तो आपण होऊन बोलला. दोन महिने त्याला धड झोप नव्हती, आणि घरीं आईला हें ठाऊक नव्हतें. भरतीपूर्वीं परतणें भाग होतें. उरलेलें बोलणें ओल्या वाळूंतून चालतांनाच झालें.

मसुदा अद्याप माझ्या खणांत आहे. त्याच्या वांट्याचे दोन हिशेब मीं माझ्याकडे घेतले आहेत.