महापालिकेच्या शाळेतील राजकारण

स्थानिक स्वराज्य संस्था ही लोकशाहीची पहिली पाठशाळा होय, असा गौरव व्यासपीठांवरून नेहमी केला जातो. व्यवहारात मात्र नगरसेवकपद म्हणजे विधानसभेच्या उमेदवारीपूर्वीचे प्रतीक्षालय, असाच त्याचा अर्थ बहुतेक राजकीय पक्षांनी लावलेला आहे. प्रभागात वजन निर्माण करावे, संधी येताच वर सरकावे आणि नंतर प्रभागाचे नाव केवळ मतदानाच्या वेळी घ्यावे, असा हा परिपाठ आहे. नगरसेवक आमदार होतो तेव्हा त्याची एकट्याची बढती होते, की त्याच्या प्रभागातील प्रश्नही त्याच्यासह विधिमंडळात पोचतो, ही या प्रवासाची खरी कसोटी होय. या कसोटीला उतरलेले उदाहरण महाराष्ट्रात शोधावयाचे तर मृणालताई गोरे यांच्या कारकिर्दीकडे वळावे लागते.

वैद्यकीय शिक्षण सोडून समाजवादी चळवळीत आलेल्या मृणालताईंनी केशव गोरे यांच्यासह गोरेगाव हे कार्यक्षेत्र निवडले. १९५७ मध्ये हे उपनगर बृहन्मुंबईत समाविष्ट झाले. परंतु महापालिकेची हद्द ज्या वेगाने वाढली, त्या वेगाने तिचे नळ वाढले नाहीत. १९५८ मध्ये केशव गोरे यांचे निधन झाले. १९६१ मध्ये मृणालताई महापालिकेवर निवडून आल्या आणि त्यांनी पाण्याचा प्रश्न हाती घेतला. ‘पाणीवाली बाई’ हे नामाभिधान त्यांना हंडे घेऊन मोर्च्यात आलेल्या स्त्रियांनी मिळवून दिले. ज्याच्या घरी नळ आहे त्याला पाणी स्वस्त पडते. ज्याच्या घरी नाही त्याला ते विकत घ्यावे लागते, किंवा त्याची किंमत घरातील स्त्रीच्या श्रमांनी चुकवावी लागते. ही किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. ती सभागृहाला मोजावयास लावणे, हे त्या नगरसेविकेचे कार्य होते.

१९७२ मध्ये त्या विधानसभेत गेल्या. दुष्काळ आणि महागाई यांनी गांजलेल्या त्या वर्षी अहिल्याताई रांगणेकर आदींच्या सहकार्याने महागाईविरोधी महिला आघाडी उभी राहिली आणि लाटणे हे स्वयंपाकघरातील साधन निषेधाचे चिन्ह बनले. आणीबाणीत त्यांनी भूमिगत कार्य केले व कारावास भोगला. १९७७ मध्ये त्या लोकसभेवर निवडून आल्या, पण मंत्रिपद त्यांनी स्वीकारले नाही. १९८५ मध्ये विधानसभेत परतल्यावर काही काळ विरोधी पक्षनेतेपद त्यांच्याकडे होते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध त्यांनी आणलेल्या खाजगी विधेयकाने या विषयाला सभागृहात वाचा फोडली. १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात प्रथम असा कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्रानेही तो मार्ग धरला. दिंडोशीला नागरी निवारा परिषदेच्या द्वारे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी हजारो घरे उभी राहिली. पाणी, धान्य, निवारा: पदे बदलली, प्रश्नांचे कूळ बदलले नाही.

मोर्च्याने नळ मिळतो, धरण बांधले जात नाही, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. वैतरणा आणि भातसा यांचे पाणी घोषणांनी आले नाही. त्यासाठी भांडवल आणि अभियंते लागले. परंतु पुरवठा वाढला म्हणून वाटप न्याय्य होतेच असे नाही. अनधिकृत झोपड्यांत राहणाऱ्यांनाही पाणी नाकारता येणार नाही, हे सांगण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाला २०१४ साल उजाडावे लागले. मृणालताई २०१२ मध्ये निवर्तल्या. त्यांचा पहिला प्रश्न त्यांच्या पश्चात जिवंत होता.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना पाच वर्षांची मुदत ठरवून दिली आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन घातले. असे असूनही मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेली मुंबई महापालिका प्रभागरचना आणि आरक्षण यांवरील वादांत साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती राहिली. प्रशासक कार्यक्षम असू शकतो. पण त्याची नेमणूक राज्य शासन करते आणि तो उत्तरदायी असतो तो शासनाला. रिकामा हंडा घेऊन आलेल्या स्त्रीला सभागृहात आपला म्हणून कोणी उरत नाही. या काळात एक निवडणूक लांबली, एवढीच हानी झाली असे मानणे चूक ठरेल. पाइपाचा व्यास आणि गल्लीतील रांग यांचा संबंध ज्या ठिकाणी कळतो, ती शाळाच बंद होती. अशा शाळेत न शिकलेले लोकप्रतिनिधी विधानसभेत पोचतील, मंत्रीही होतील. परंतु त्यांच्यासह कोणाचा प्रश्न तेथे पोचेल, याचे उत्तर पक्षांनी उमेदवारी वाटताना मतदारांना दिले पाहिजे.