चार मेणबत्त्या आणि आपला चातुर्मास

नाताळापूर्वीच्या चार रविवारी कॅथलिक कुटुंबे आगमनकाळ पाळतात. हिरव्या पर्णचक्रात तीन जांभळ्या व एक गुलाबी मेणबत्ती; दर रविवारी एक अधिक उजळते, घर प्रार्थनेला बसते, युवकांचे गट सेवाकार्याला लागतात. हे चक्र योहान विखर्न या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाने १८३९ साली हँबुर्गच्या निराधार मुलांसाठी प्रथम मांडले. कॅथलिकांनी ते पुढे आपलेसे केले. दोनशे वर्षेही न झालेली प्रथा घरोघरी रुजते आणि शतकानुशतकांचा आपला चातुर्मास दिनदर्शिकेपुरता उरतो, याचा दोष मिशनऱ्यांच्या माथी कसा मारणार? धर्मांतराविरुद्ध सभा गाजवणाऱ्यांच्या घरी तिन्हीसांजेला शुभंकरोती होते काय? ओस पडलेले देवघर कायदा राखू शकत नाही. येत्या आषाढी एकादशीपासून प्रत्येक कुटुंबाने मुलांसह एक तरी नेम धरावा. धर्मरक्षणाचा आरंभ उंबरठ्याच्या आतच होतो.